घरी व्याख्यान, वर्गात गृहपाठ

पहाटे तीनच्या सुमारास शेतावरच्या खोपटात जमिनीवर झोपलेला तिशीतला मजूर पोटात कळ येऊन उठतो. एक उलटी होते. घरचे ओवा आणि गरम पाणी देतात. उजाडेपर्यंत त्याच्या पापण्या जड होऊ लागतात, बोलताना जीभ अडखळते, तेव्हा शेजारी त्याला दुचाकीवर दोघांच्या मध्ये बसवून प्राथमिक आरोग्य केंद्रात आणतात. अंगावर दंशाची खूण सापडत नाही, कुठे सूज नाही. काचेच्या नळीत घेतलेले रक्त २० मिनिटांत व्यवस्थित गोठते. आता डॉक्टरने काय करावे? चोवीस तास नुसते लक्ष ठेवावे? पोटदुखीचे इंजेक्शन द्यावे? ताबडतोब जीपमध्ये घालून जिल्हा रुग्णालयात पाठवावे? की सर्पविषावरचे औषध तिथेच सुरू करावे?

एमबीबीएसच्या वर्गात सर्पदंशाचा धडा असा सुरू करता येतो. विद्यार्थ्यांनी त्या विषयाची चित्रफीत आदल्या रात्री पाहिलेली असते. नाग आणि मण्यार यांचे विष मज्जासंस्थेवर, घोणस आणि फुरसे यांचे प्रामुख्याने रक्तावर, हे सगळ्यांना तोंडपाठ असते. तरीही मते मागवली की हात चारही पर्यायांना वर होतात. रक्त गोठले म्हणजे विष नाही, असे काहींना वाटते. दंशाची खूण नाही म्हणजे साप नाहीच, असे काहींना. यावर शिक्षिका उत्तर सांगत नाहीत. शेजारी बसलेल्याशी पाच मिनिटे वाद घाला, एवढेच सांगतात. वर्गात गलका होतो. ‘अरे, रक्त गोठणारच, ही मण्यार आहे, घोणस नाही,’ असे कोणी म्हणते. मण्यारीचे दात बारीक असतात, ती बहुधा रात्री झोपेत चावते, चावलेले फारसे दुखत नाही, सूज येत नाही आणि पहिली तक्रार पुष्कळदा पोटदुखीची असते, हे चित्रफितीत सांगितलेलेच असते. पण ते आपल्याला माहीत आहे याची जाणीव अनेकांना आता होते. पुन्हा मते मागवली की बरेच हात शेवटच्या पर्यायाकडे सरकतात.

मग शिक्षिका बोलू लागतात. पापण्या गळणे हेच विष भिनल्याचे लक्षण आहे, औषध तिथेच सुरू करायचे, आणि श्वास मंदावला तर पिशवीने श्वास देत देतच रुग्णाला पुढे पाठवायचे. नुसता जीपमध्ये घालून पाठवलेला रुग्ण वाटेतच श्वास थांबून दगावू शकतो. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे मृत्यू पावली, असा एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. त्यांतले बहुसंख्य मृत्यू खेड्यांतले. हे विद्यार्थी उद्या जिथे नेमणुकीवर जाणार, तीच ही ठिकाणे.

शिकवण्याच्या या पद्धतीला ‘फ्लिप्ड क्लासरूम’ म्हणतात. मराठीत ‘उलटा वर्ग’ म्हणायला हरकत नाही. एरवी शिक्षक वर्गात सांगतो, विद्यार्थी लिहून घेतात आणि त्या माहितीशी झटापट करण्याचे काम घरी एकट्याने होते. उलट्या वर्गात माहिती आधी घरी, चित्रफितीतून किंवा पुस्तकाच्या चार पानांतून मिळवायची. झटापट वर्गात, शिक्षकाच्या देखत आणि सोबत्यांबरोबर करायची. व्याख्या एवढीच आहे. तिच्याभोवती गेल्या काही वर्षांत ॲप, स्मार्ट बोर्ड, कार्यशाळा असा बराच फाफटपसारा जमला, त्यामुळे लोकांना वाटते की हा सगळा चित्रफितींचा मामला आहे. प्रत्यक्षात महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे: विद्यार्थी अडखळतो त्या क्षणी शिक्षक कुठे असतो?

व्याख्यानाची प्रथा पडली तेव्हा तिला सबळ कारण होते. युरोपातल्या मध्ययुगीन विद्यापीठांत पुस्तके हाताने उतरवलेली आणि महाग होती. म्हणून एकाने मोठ्याने वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे. इंग्रजीतला ‘लेक्चर’ हा शब्द ‘वाचणे’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरूनच आला. पुढे छापखाने आले, पुस्तके स्वस्त झाली, झेरॉक्स आली, इंटरनेट आले. वाचून दाखवण्याची गरज संपली, तरी प्रथा राहिली.

ती मोडण्याचे प्रयत्न अनेक ठिकाणी झाले. त्यांतला हार्वर्ड विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांचा अनुभव मुद्दाम सांगण्यासारखा आहे. माझूर १९८४ पासून तिथे शिकवत होते आणि विद्यार्थी त्यांच्यावर खूश होते. अवघड गणिते त्यांचे विद्यार्थी सोडवत. मग त्यांनी वर्गाला एक साधी चाचणी दिली. तिच्यात गणित नव्हते, फक्त समज तपासणारे प्रश्न होते. उदाहरणार्थ, जड ट्रक आणि हलकी मोटार यांची टक्कर झाली तर कोण कोणावर अधिक बल लावते? न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार दोन्ही बले सारखी असतात. नियम सगळ्यांना पाठ होता, तरी अनेकांनी ट्रकच्या बाजूने उत्तर दिले. एका विद्यार्थिनीने तर विचारले, की उत्तरे तुम्ही शिकवले तसे लिहू, की मला खरोखर वाटते तसे? या एका प्रश्नाने माझूर हादरले. १९९१ पासून त्यांनी वाचन आधी करून यायला सांगून वर्गाचा वेळ प्रश्न, मतदान आणि शेजाऱ्याशी चर्चा यांना दिला. शेजाऱ्याला जे नुकतेच उमगलेले असते ते तो प्राध्यापकापेक्षा चांगले समजावून सांगू शकतो, कारण आपण कुठे अडलो होतो हे त्याला अजून आठवत असते.

अमेरिकेतल्याच ओहायोमध्ये अर्थशास्त्राच्या तीन प्राध्यापकांनी २००० साली अशा ‘उलटवलेल्या वर्गा’वर लेख लिहिला. २००७ मध्ये कोलोरॅडोतल्या वुडलँड पार्क या गावच्या शाळेत जोनाथन बर्गमन आणि आरन सॅम्स या रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी आपले धडे चित्रित करायला सुरुवात केली, ती गैरहजर राहणाऱ्या मुलांसाठी. हजर मुलेही ते पाहू लागली. त्याच सुमारास सलमान खान (आपला नट नव्हे, खान अकादमीवाला) आपल्या चुलत-मामे भावंडांसाठी केलेल्या गणिताच्या चित्रफिती यूट्यूबवर टाकत होता. पुढचे सर्वांना ठाऊक आहे.

हे सगळे अमेरिकेतले असले तरी वैद्यकीय शिक्षणाला ही कल्पना परकी नाही. विल्यम ऑस्लर यांनी १८९० च्या दशकात जॉन्स हॉपकिन्समध्ये विद्यार्थ्यांना वर्गातून उठवून रुग्णाच्या खाटेजवळ नेले. आपल्याकडच्या वॉर्डांत आजही ‘केस घेणे’ चालते. विद्यार्थ्याने रुग्णाशी आधी बोलायचे, तपासायचे, पुस्तक उघडायचे आणि मग सरांपुढे ती केस मांडायची. सर एकेक प्रश्न विचारून त्याला सोलून काढतात. जुन्या डॉक्टरांना आपली कॉलेजातली व्याख्याने फारशी आठवत नाहीत. वॉर्डात कुठल्या केसला काय चुकले, हे मात्र तीस वर्षांनंतरही तारखेसकट आठवते.

यामागचे कारण मेंदूच्या कामाच्या पद्धतीत आहे. नवी माहिती आधी ज्या तात्पुरत्या जागेत ठेवली जाते, ती कार्यकारी स्मृती फारच तोकडी असते. एका वेळी चार-पाच गोष्टी, त्यापलीकडे ती सांडायला लागते. व्याख्यान मात्र वक्त्याच्या गतीने पुढे जाते. पाचव्या मिनिटाला एक दुवा निसटला की पुढची पंचावन्न मिनिटे नुसती कानावरून जातात. चित्रफीत थांबवता येते, मागे नेता येते. छोट्या गावातून, मराठी माध्यमातून आलेल्या आणि पहिल्या वर्षी इंग्रजीतल्या शरीरशास्त्राने भांबावलेल्या मुलीसाठी ही सोय मोठी आहे. भर वर्गात हात वर करून ‘सर, पुन्हा सांगा’ म्हणायला जे धाडस लागते, ते चित्रफितीपुढे लागत नाही.

दुसरी बाब आठवण्याची. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये केलेला प्रयोग प्रत्येक पालकाने माहीत करून घ्यावा असा आहे. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार सत्रांत पुन:पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने तो एका सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत न पाहता आठवून लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवत होते आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. परीक्षेच्या आदल्या रात्री केलेली घोकंपट्टी सकाळी उपयोगी का पडते आणि पुढच्या सत्रापर्यंत का टिकत नाही, हे या दोन आकडेजोड्यांत दिसते. उलट्या वर्गातला प्रश्न विद्यार्थ्याला दर वेळी आठवायला लावतो.

(याच संदर्भात शिक्षकांच्या कार्यशाळांत एक पिरॅमिड हमखास दाखवतात: वाचलेले १० टक्के लक्षात राहते, ऐकलेले २०, केलेले ९० वगैरे. त्या आकड्यांना संशोधनाचा आधार नाही. इतके गोल आकडे पाहूनच खरे तर शंका यायला हवी.)

हाच धागा बाह्यरुग्ण विभागातही दिसतो. डॉक्टरांनी सांगितलेल्या माहितीपैकी ४० ते ८० टक्के रुग्ण लगेच विसरतो, असे २००३ मधल्या एका आढाव्यात म्हटले आहे. ‘समजले ना?’ असे विचारले की मावशी ‘हो’ म्हणतात, कारण बाहेर रांग असते आणि डॉक्टरला नाही म्हणणे बरे दिसत नाही. त्याऐवजी ‘मावशी, आता घरी गेल्यावर इन्सुलिन कसे आणि कधी घेणार, ते मला करून दाखवा’ म्हटले, तर एका मिनिटात कळते की सुई टोपणासकट टोचली जाणार होती.

आता पुराव्याकडे. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग फार गाजला. भौतिकशास्त्राच्या सुमारे २७० विद्यार्थ्यांच्या दोन तुकड्या घेतल्या. एकीला नावाजलेल्या, अनुभवी प्राध्यापकाने नेहमीसारखे शिकवले. दुसरीला आठवडाभर नवख्या शिक्षकाने: आधी तीन-चार पाने वाचून या, वर्गात फक्त प्रश्न आणि चर्चा. नंतरच्या चाचणीत पहिल्या तुकडीची सरासरी ४१ टक्के आली, दुसरीची ७४. नोबेल मिळवलेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन या प्रयोगात होते, म्हणूनही त्याची चर्चा झाली. आठवडाभराचा प्रयोग म्हणजे फार मोठा नव्हे, हेही खरे. २०१४ मध्ये विज्ञान आणि अभियांत्रिकीतले २२५ अभ्यास एकत्र तपासले गेले. नुसत्या व्याख्यानांच्या वर्गांत नापासांचे प्रमाण ३३.८ टक्के होते. विद्यार्थ्यांना काहीतरी करायला लावणाऱ्या वर्गांत ते २१.८ होते.

स्टॅनफर्डच्या वैद्यकीय शाळेत जीवरसायनशास्त्राची व्याख्याने छोट्या चित्रफितींवर हलवून वर्गात रुग्णांवर आधारित चर्चा ठेवली. हजेरी ऐच्छिक असूनही ती सुमारे ३० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर गेली. वैद्यकीय, परिचर्या, औषधनिर्माण अशा आरोग्यविषयक अभ्यासक्रमांतल्या २८ तुलनात्मक अभ्यासांचा आढावा २०१८ मध्ये आला. त्यात उलट्या वर्गाचा फायदा दिसला, पण माफक. तासाच्या सुरुवातीलाच छोटी चाचणी घेतली जात असे, तिथे तो अधिक होता. हे अपेक्षितच आहे. चाचणी नसेल तर आदल्या रात्रीची चित्रफीत कोण पाहणार?

मग ही पद्धत सगळीकडे का नाही? एक कारण गमतीचे आहे. हार्वर्डमध्ये २०१९ मध्ये विद्यार्थ्यांना दोन्ही प्रकारे शिकवून पाहिले. झटापट केलेल्या वर्गात ते अधिक शिकले होते, पण त्यांना स्वतःला वाटत होते की आपण कमी शिकलो. ओघवते व्याख्यान ऐकताना सगळे समजल्यासारखे वाटते. अडखळताना आपण ढ आहोत असे वाटते. अशा विद्यार्थ्यांकडून शिक्षकाचे मूल्यमापन करून घेतले की उत्तम वक्ता पुढे जातो.

दुसरे कारण गंभीर आहे. अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीत विद्यार्थ्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून काटेकोर प्रयोग झाला. गणितात सुरुवातीला फायदा दिसला, अंतिम परीक्षेपर्यंत तो विरला. अर्थशास्त्रात दिसलाच नाही. शिवाय जो फायदा झाला तो मुख्यतः आधीच पुढे असलेल्या विद्यार्थ्यांना, त्यामुळे दरी वाढली. आपल्याकडे हा इशारा दुपटीने लागू आहे. एका खोलीत चौघे राहणाऱ्या वसतिगृहात किंवा एकच मोबाइल असलेल्या घरात ‘घरी पाहून या’ हे सांगणे सोपे आणि करणे अवघड. टाळेबंदीत शाळेच्या मुलांनी हे भोगले. बालभारतीच्या पुस्तकांवरच्या क्यूआर कोडमागे चित्रफीत आहे, पण फोन वडिलांबरोबर कामावर गेला आहे, असे किती घरांत झाले ते शिक्षकांना विचारावे. आणि त्या काळात नुसती चित्रफीत होती, नंतरचा वर्ग नव्हता. त्याला उलटा वर्ग म्हणत नाहीत. तो अर्धा वर्ग झाला.

वैद्यकीय महाविद्यालयांत आज नेमका हाच अर्धा वर्ग चालू आहे. २०१९ पासून लागू झालेल्या एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात व्याख्याने एकूण वेळेच्या एक तृतीयांशाहून अधिक नसावीत, असे लिहिलेले आहे. उरलेला वेळ प्रात्यक्षिके, रुग्णतपासणी आणि गटचर्चा यांचा. कागदावर हे उलट्या वर्गाचेच धोरण आहे. पण अनेक ठिकाणी विद्यार्थ्यांनी आपला वर्ग आपणच उलटवून घेतला आहे. पदव्युत्तर प्रवेशाच्या परीक्षेसाठी खासगी शिकवणीच्या ॲपचे पैसे भरायचे, तिथल्या चित्रफिती दीडपट वेगाने पाहायच्या आणि हजेरीपुरते सभागृहात मागच्या बाकावर बसायचे, कानात इयरफोन घालून. पुढे सर जो धडा सांगत आहेत, तोच मागे फोनवर दुसरे कोणी सांगत असते. यात विद्यार्थ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. माहिती मिळवण्याचा त्यांचा मार्ग वाईट नाही. पण त्यानंतर जो वाद, जी चूक आणि जी दुरुस्ती व्हायला हवी, तिच्यासाठी ॲपमध्ये कोणी उभे नाही. चार पर्यायांतले बरोबर उत्तर निवडण्याचा सराव तिथे भरपूर होतो. मजुराच्या पापण्या जड झाल्या आहेत, हे मात्र त्याच्या डोळ्यांकडे पाहणाऱ्यालाच दिसते. पर्यायांत ते आधीच लिहून दिलेले असते.

महागडा भाग आहे तो हा दुसरा अर्धा. सरकारी महाविद्यालयात एका वर्षाला २०० ते २५० विद्यार्थी. व्याख्यानाला एक शिक्षक आणि एक माइक पुरतो. गटचर्चेला दर वीस-पंचवीस जणांमागे एक जाणता माणूस लागतो, आणि त्याच माणसाची सकाळी ओपीडी असते, दुपारी वॉर्ड असतो, अधूनमधून न्यायालयात साक्ष असते. रिक्त जागा वेगळ्याच. म्हणून सगळे विषय एकदम उलटवण्याच्या फंदात न पडता, जिथे चूक झाली तर जीव जातो असे दहा-बारा धडे आधी निवडणे शहाणपणाचे: सर्पदंश, विंचूदंश, कीटकनाशकाची विषबाधा, अतिसाराने सुकलेले बाळ, बाळंतपणानंतरचा रक्तस्राव, छातीत दुखणारा चाळिशीतला माणूस. चित्रफीत छोटी हवी. ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या एका मोठ्या पाहणीत प्रेक्षक सहा मिनिटांच्या पुढे फारसे टिकत नाहीत असे दिसले होते. ती इंटरनेटशिवाय फोनवर उतरवता यावी, ग्रंथालयातल्या संगणकावर ठेवलेली असावी आणि जमल्यास तिच्यात एखादे वाक्य मराठीतही असावे. मतदानासाठी रंगीत पुठ्ठ्याचे चार तुकडे पुरतात, यंत्र लागत नाही. माझूर यांच्या पद्धतीत ते आधीपासून चालत आले आहे.

गटांवर लक्ष ठेवायला निवासी डॉक्टर आणि वरच्या वर्षांचे विद्यार्थी घेता येतात. त्यांचीही उजळणी होते. सर्पदंशाच्या तासाला रक्त गोठण्याची चाचणी प्रत्येक गटाने स्वतः करून पाहावी. नळी काचेचीच हवी, कोरडी हवी, साबणाने धुतलेली नको आणि वीस मिनिटे तिला हलवायचे नाही. ऐकताना हे फार सोपे वाटते. करताना दर वर्षी कोणीतरी प्लास्टिकची नळी उचलते आणि कोणीतरी दहाव्या मिनिटाला ती तिरकी करून बघते.